बी.ए. इंग्रजी: खर्च किती, मिळकत किती? खासगी विद्यापीठ की तालुक्याचं अनुदानित कॉलेज?

गोदाकाठ

पुतणीने यंदा कला शाखेतून बारावी केली, ८१ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी साहित्यातच पदवी करायची हे तिचं पक्कं आहे आणि घरातून त्याला कोणाचाच विरोध नाही. अडचण पैशाची आहे.

दोन पर्याय आहेत. एक, तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, पुणे विद्यापीठाशी संलग्न. फी, परीक्षा शुल्क, एसटीचा पास, पुस्तकं असं सगळं धरून वर्षाला साधारण २४ हजार. दुसरा, पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ. फी २ लाख ४० हजार, वसतिगृह आणि मेस १ लाख ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ७० हजार. त्यासाठी ८ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं आणि बाकीचं घरातून भरायचं असा विचार आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत.

जाणकारांना विचारायचं ते असं. हा फरक पुढच्या पगारातून भरून निघतो का? तीन वर्षांवर थांबावं की चौथं वर्षही करावं? आणि इंग्रजीची पदवी घेतल्यावर नेमक्या कोणत्या कामाला किती पैसे मिळतात? "व्याप्ती खूप आहे" हे कॉलेजवाल्यांनी सांगितलंय, आकडे कोणी सांगत नाही.

हिशेबवही

आधी कर्जाचा आकडा पूर्ण काढू, कारण बँकेत बसल्यावर डोळ्यांसमोर फक्त ८ लाख असतात.

८ लाख तीन सारख्या हप्त्यांत उचलले, व्याजदर १०.५ टक्के, शिक्षण संपल्यावर परतफेडीला एक वर्षाची सवलत, असं धरतो. पहिल्या हप्त्यावर ४ वर्षं, दुसऱ्यावर ३ आणि तिसऱ्यावर २ वर्षं व्याज चढतं. सरळ व्याजानेच हे २ लाख ५२ हजार होतात. ते मध्ये भरलं नाही तर परतफेड सुरू होताना कर्ज १० लाख ५२ हजार झालेलं असतं. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता साधारण १४,२००. एकूण परतफेड १७ लाखांच्या पुढे. घरातून घातलेले ३ लाख १० हजार त्यात मिळवा. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचा खरा खर्च २० लाखांच्या आसपास, आणि तालुक्याच्या कॉलेजात तीच पदवी ७२ हजारांत. चौथं वर्ष केलं तर आणखी ३ लाख ७० हजार.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर (पहिल्या वर्षी महिन्याला साधारण २,३००, दुसऱ्या वर्षी ४,७००, पुढे ७,०००) नंतरचा हप्ता १०,८०० वर येतो आणि एकूण दीड लाखाच्या आसपास वाचतात. कर्ज घ्यायचंच ठरलं तर एवढं तरी कराच.

आता दुसरी बाजू. बी.ए. इंग्रजीवर पुण्यात पहिली नोकरी साधारण १८ ते २५ हजारांची असते. खोलीत वाटणी करून राहिलं तरी भाडं, जेवण, प्रवास मिळून ११-१२ हजार जातात. २२ हजारांत १४,२०० चा हप्ता बसत नाही. मग तो हप्ता गावाकडून जातो, किंवा मुलगी पुढचं शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरते. या पदवीत पुढचं शिक्षणच कमाई ठरवतं, त्यामुळे हे दुसरं नुकसान हप्त्यापेक्षा मोठं आहे.

बँकेकडे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेचं संरक्षण असतं, त्याच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. तुमचे ८ लाख ती रेघ जेमतेम ओलांडतात. ५० हजारांसाठी जमीन गहाण टाकू नका. दुसरं, पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे, पण फक्त यादीतल्या संस्थांसाठी. ते विद्यापीठ यादीत आहे का हे पोर्टलवर स्वतः बघा, प्रवेश कार्यालयाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

फळा_खडू

वरचा हिशेब बरोबर आहे. कमाईच्या बाजूने बघायचं तर बी.ए. इंग्रजीनंतर सगळ्यात मोठा ओघ शिक्षकीकडे जातो, म्हणून तो मार्ग नीट मांडतो.

बी.ए. ३ वर्षं, बी.एड. २ वर्षं. बी.एड.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, राखीव प्रवर्गात ४५ टक्के लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. इथे एक चूक दरवर्षी होते. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. कॉलेजात जायचं असेल तर मुख्य सीईटीबरोबर ईएलसीटी नावाचा इंग्रजीचा वेगळा पेपर असतो. अर्ज भरतानाच त्याचा पर्याय निवडावा लागतो. तो राहिला की इंग्रजी माध्यमाचं कॉलेज त्या वर्षापुरतं गेलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडून हा रकाना हमखास सुटतो, आणि मग इंग्रजी विषयाची शिक्षिका मराठी माध्यमातून बी.एड. झालेली म्हणून चांगल्या इंग्रजी शाळा मुलाखतीलाच खळखळ करतात.

बी.एड.च्या फीबद्दल चांगली बातमी अशी की, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा घेतली तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला तर ही माफी नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याशी आधार जोडणी, तिन्ही वेळेत हवेत. बहुतेकांचा पैसा अडकतो तो आधार जोडणीवर.

आता पगार. सरकारी आणि अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून होते. नववी-दहावीला बी.ए. बी.एड. चालतं, सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो, आणि दोन्हीकडे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे टेट द्यावीच लागते, २०० गुणांची. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन: प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. हे २०२३ पासूनचे दर. तीन वर्षं संपली की माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाचं ४४,९००, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. कनिष्ठ महाविद्यालयासाठी मात्र एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवं.

हे आकडे ऐकायला छान वाटतात, पण मधलं थांबणं हिशेबात धरा. टेट आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात विनाअनुदानित इंग्रजी शाळेत १० ते २० हजारांवर शिकवणारे हजारो लोक होते. म्हणून "बी.एड. झालं की नोकरी" असं न धरता, बी.एड.नंतर तीन-चार वर्षं कमी पगारावर काढावी लागतील असं धरून चाला.

केंद्रीय शाळांचं वेगळं आहे. केंद्रीय विद्यालयात पदवीधर शिक्षकाचं मूळ वेतन ४४,९०० आणि पदव्युत्तर शिक्षकाचं ४७,६००, तेही पहिल्या दिवसापासून, शिक्षण सेवक वगैरे काही नाही. पदवीधर शिक्षकाला बी.एड.बरोबर सीटीईटीचा (केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो, आणि बी.ए.च्या तिन्ही वर्षांत इंग्रजी हा विषय असावा लागतो. नेमणूक देशात कुठेही. बाहेर जायची तयारी असेल तर राज्यातल्या भरतीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. खासगी अनुदानित संस्थेत "जागा देतो, एवढे लाख द्या" असं सांगणारा कोणी ना कोणी भेटेल. पगार सुरू व्हायला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते आणि त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी वेतन प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक. पैसे घेणारा यातलं काहीच देऊ शकत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. अशा मान्यतेवर घेतलेली नोकरी वर्षानुवर्षांनी सुद्धा जाऊ शकते.

तासिका_नऊ

सीनियर कॉलेजचा मार्ग मी लिहितो, कारण बी.ए. इंग्रजीच्या मुलींना पहिल्या वर्षापासून "प्राध्यापक हो" हेच ऐकवलं जातं.

पात्रता: एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापक पात्रता परीक्षा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं आणि ती या दोन राज्यांपुरतीच चालते. नेट वर्षातून दोनदा, देशभर चालते. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. हे सगळं कायम पदाचं झालं. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि तोपर्यंत काम मिळतं ते तासिका तत्त्वावर.

त्याचा हिशेब असा. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका. तासाला ९०० रुपये धरले तर आठवड्याचे ८,१००. प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे वर्षात ३० धरा. वर्षाचे २ लाख ४३ हजार, बारा महिन्यांत विभागले तर महिना २० हजार. हे सगळ्या ९ तासिका मिळाल्या तर. ४८ मिनिटांची तासिका असेल तर पैसे त्या प्रमाणात कापले जातात. सुट्ट्यांचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात तास नाहीत, आणि मानधन बऱ्याचदा सत्र संपल्यावर एकत्र हातात पडतं. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. यातून वयाच्या तिशीपर्यंत बाहेर न पडलेले खूप जण आहेत, आणि ते उत्तम शिकवतात. नुसता पदवीचा दर्जा चांगला असला म्हणून ही परिस्थिती बदलत नाही.

पण याच रस्त्यावर एक जागा अशी आहे जिथे इंग्रजीची पदवी खरोखर पैसे मिळवून देते, ती म्हणजे जेआरएफ, पीएच.डी. करताना मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती. नेटमध्येच वरच्या गुणांवर ती मिळते, वयाची अट ३० (राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत). पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढची तीन वर्षं ४२ हजार. पाच वर्षांचे एकूण २४ लाख, वर घरभाडं. म्हणून नेटची तयारी एम.ए. संपल्यावर नाही, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करायची. पेपर दोन १०० प्रश्न २०० गुणांचा, पेपर एक ५० प्रश्न १०० गुणांचा, चुकीला गुण कापत नाहीत. इंग्रजीची मुलं अडकतात ती पेपर एकमध्ये. आकडेमोड, तक्ते वाचणं, तर्क हा भाग ती वर्षभर टाळतात आणि जेआरएफ चार-सहा गुणांनी जाते.

अभ्यासाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळेत इंग्रजीचे पूर्ण धडे आहेत, इग्नूचं सगळं साहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे, जुने अभिजात ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत. समीक्षेची आणि भाषाविज्ञानाची चार-पाच पुस्तकं तेवढी विकत घ्या.

तीन की चार वर्षं? प्राध्यापकीपर्यंतचा काळ दोन्हीकडून सारखाच: ३ अधिक २, किंवा ४ अधिक १. तीन वर्षांवर पदवी हातात घेतली तर बी.एड., विधी, बँक, स्पर्धा परीक्षा सगळी दारं एक वर्ष आधी उघडतात. चौथ्या वर्षाचा फायदा एकच आहे: सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करून पीएच.डी.कडे थेट जाता येतं. ज्या कॉलेजात मान्यताप्राप्त मार्गदर्शक नाही तिथे संशोधनाचं चौथं वर्ष चालतच नाही, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात हे आधी विचारून घ्या. एक वर्षाच्या बी.एड.ची चर्चा सुरू आहे म्हणून चौथं वर्ष करा असं कोणी सांगेल. नियम लागू होऊन कॉलेजांना मान्यता मिळेपर्यंत त्यावर काही बांधू नका.

मसुदा

शिक्षकीच्या बाहेरचं बाजाराचं चित्र सांगते. इथे पदवी कुठून घेतली याला फारच कमी किंमत आहे, आणि चाचणीत काय करून दाखवलं याला जवळजवळ सगळी.

भाषांतर. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीची ताकद इथे आहे. स्वच्छ मराठी लिहिणारी आणि इंग्रजी पक्कं समजणारी माणसं कमी आहेत. इंग्रजीतून मराठीला एजन्सीकडून शब्दाला साधारण ५० पैसे ते दीड रुपया मिळतो, थेट ग्राहकाकडून जास्त. अनुभवी माणूस दिवसाला २ हजार शब्द चांगले करतो. ८० पैशांनी महिन्याच्या २२ दिवसांचे ३५ हजार होतात, पण सुरुवातीच्या वर्षात निम्मे दिवस तरी रिकामे जातात, म्हणजे १५-१८ हजार धरा. यंत्राने केलेलं भाषांतर सुधारून देण्याचं काम आता जास्त येतं आणि त्याचा दर पूर्ण दराच्या निम्म्याच्या आसपास असतो. वाईट यंत्र-भाषांतर सुधारायला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून नमुना पाहिल्याशिवाय दर कबूल करायचा नाही.

लागतं काय? युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकावर वेग, मिनिटाला ३० शब्द तरी. एखादं कॅट टूल, म्हणजे भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर: ओमेगाटी मोफत आहे, त्यावर शिकून पुढे ट्राडोस किंवा मेमोक्यू. पारिभाषिक शब्दांची स्वतःची यादी. आणि विषय: कायदा, वैद्यक, बँकिंग यांतला एक. सगळंच करणाऱ्याला सगळ्यात कमी दर मिळतो. एजन्सी १० टक्के टीडीएस कापून पैसे देते, उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरलं की तो परत येतो. कित्येक नवे भाषांतरकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि दरवर्षी ते पैसे सोडून देतात.

तांत्रिक लेखन, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसं वापरायचं याच्या मार्गदर्शिका लिहिणं. पुण्यात सॉफ्टवेअर आणि यंत्रसामग्रीच्या कंपन्यांमुळे हे काम आहे. सुरुवात वर्षाला साडेतीन ते पाच लाख, चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकते. बी.ए. इंग्रजीतून थेट कोणी घेत नाही, कारण साहित्याच्या पेपरात सविस्तर लिहायची सवय लागते आणि इथे पायऱ्या लिहायच्या असतात: एका पायरीत एक कृती, क्रियापद आधी, परिणाम वेगळ्या ओळीत. मार्कडाऊन, गिट, डीआयटीए या मार्गदर्शिका लिहिण्या-सांभाळण्याच्या पद्धतींची तोंडओळख आणि मॅडकॅप फ्लेअरसारखं एखादं साधन, एवढं सहा महिन्यांत घरी बसून होतं. नमुना म्हणून एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका सुधारून तिथेच जमा करायची. तीन चांगले नमुने असले की मुलाखत मिळते.

संपादन. शोधनियतकालिकांचं इंग्रजी तपासणाऱ्या कंपन्या मुंबई-पुण्यात आणि चेन्नईत आहेत. १८ ते २५ हजारांपासून सुरुवात. प्रवेश चाचणीत भर व्याकरणावर आणि लेखनशैलीच्या नियमांवर असतो: ए-अॅन-द, विरामचिन्हं, काळ, एपीए आणि शिकागो शैली. घरून काम मिळतं, हा मोठा फायदा. पण साधा मजकूर तपासण्याचं काम यंत्रं करू लागली आहेत, त्यामुळे यावर एकट्यावर भिस्त ठेवायला सांगणार नाही.

वेबसाइटसाठी ढोबळ लेख लिहून देण्याचं जे काम पाच वर्षांपूर्वी इंग्रजीच्या पदवीधरांचा पहिला पगार होता, ते यंत्रांमुळे झपाट्याने आटलं. कोणत्याही कॉलेजने "कंटेंट रायटिंग" हे नोकरीचं मुख्य क्षेत्र म्हणून दाखवलं तर ती माहिती जुनी आहे.

विद्यापीठ_मार्ग

वरच्या बहुतेकांशी सहमत, पण खासगी विद्यापीठाची एक खरी बाजू सुटते आहे. चांगल्या विभागात वर्गात ३०-४० मुलं असतात, दर आठवड्याला निबंध लिहून घेतात, तो तपासून परत देतात, परत लिहायला लावतात. लिहिणं याच चक्रातून येतं. तालुक्याच्या कॉलेजात १०० मुलांना एक प्राध्यापक हे करू शकत नाही, आणि गाइडमधली उत्तरं पाठ करून पहिला वर्ग मिळवता येतो. असा पहिला वर्ग मिळवलेली मुलगी वर मसुदाताईंनी सांगितलेल्या एकाही चाचणीत टिकत नाही. तेव्हा स्वस्त पदवी घेतली तर लेखनाची सोय वेगळी करावी लागेल, हे खर्चात धरा.

तरीही ३ लाख ७० हजारांना पटायचं असेल तर विद्यापीठाला लेखी विचारा: मागच्या तीन बॅचमधल्या फक्त बी.ए. इंग्रजीच्या किती मुली, कुठे, किती वार्षिक पगारावर लागल्या? सरासरी नको, मधला आकडा द्या. कायम प्राध्यापक किती आणि अभ्यागत किती? शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती की तिन्ही वर्षं, आणि ती टिकायला किती गुण लागतात? फी दरवर्षी किती टक्के वाढते? बहुतेक माहितीपुस्तिकांत एमबीए आणि अभियांत्रिकीचे पगार एकत्र करून सरासरी छापलेली असते, ती बी.ए.ला लागू नाही. शिष्यवृत्तीने फी निम्म्यावर येत असेल आणि कर्ज ३ लाखांच्या आत राहत असेल तर विचार करावा. पूर्ण फी भरून नाही.

तिसरा पर्यायही बघा. पुणे, नाशिक, मुंबईतली जुनी अनुदानित आणि स्वायत्त कॉलेजं. ८१ टक्क्यांना अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो, फी हजारांत असते, ग्रंथालयं मोठी असतात. खर्च राहण्या-जेवणाचा, वर्षाला ८० हजार ते सव्वा लाख. तीन वर्षांचे अडीच ते चार लाख होतात आणि कर्जाशिवाय जमू शकतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. तिसरा पर्याय आमच्या डोक्यातच आला नव्हता. नाशिकच्या जुन्या कॉलेजचा अर्ज भरतो आहोत. दोन शंका: इंग्रजी मुख्य विषय असताना दुय्यम विषय म्हणून मराठी घ्यावा, हिंदी की मानसशास्त्र? आणि सरकारी नोकऱ्यांत इंग्रजीच्या पदवीला काही खास जागा आहे का?

फळा_खडू

दुय्यम विषय नोकरीच्या अटी बघून निवडायचा. केंद्रातल्या कनिष्ठ अनुवाद अधिकाऱ्याच्या पदाला (मूळ वेतन ३५,४००) इंग्रजीत एम.ए. चालतं, पण पदवीला हिंदी हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय असावा लागतो, शिवाय हिंदी-इंग्रजी अनुवादाची पदविका किंवा दोन वर्षांचा अनुभव. पदवीला हिंदी नसली की इंग्रजीच्या एम.ए.वरून हा रस्ता उघडत नाही. मराठी दुय्यम घेतलं तर राज्यातली भाषांतराची कामं आणि प्रकाशन व्यवसाय यांना उपयोग. तिचा कल भाषांतराकडे असेल तर माझं मत हिंदीला, कारण मराठी तिची घरचीच आहे आणि खुल्या ऐच्छिक विषयांत एखाद-दुसरी मराठीची श्रेयांकं घेता येतात. मानसशास्त्र बी.एड.ला थोडं सोपं जातं, एवढंच.

मुख्य विषय मात्र तिन्ही वर्षं इंग्रजीच राहिला पाहिजे. काही कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला मुख्य आणि दुय्यम यांची अदलाबदल करता येते. गुण चांगले पडतात म्हणून मुली दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि केंद्रीय विद्यालयाच्या अटीत अडकतात.

इंग्रजीच्या पदवीला राखून ठेवलेल्या सरकारी जागा थोड्या. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या लिपिक पदाला कोणतीही पदवी आणि इंग्रजी टंकलेखन ४० शब्द लागतं, मूळ वेतन २९,२००. तिथल्या चाचणीत इंग्रजी चांगलं असणाऱ्याला सरळ फायदा होतो. राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टंकलेखन, इंग्रजी ४० आणि मराठी ३०, दोन्ही बी.ए.च्या पहिल्या वर्षातच करून टाका. खर्च काही हजार, आणि भाषांतराला लागणारा मराठीचा वेगही त्यातच येतो.

पहिल्या सत्रात मराठी माध्यमाची मुलं घाबरतात ती कविता आणि समीक्षेला. रोज एक पान इंग्रजीत लिहायचं आणि आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी तपासून घ्यायचं, हे पहिले सहा महिने न चुकता झालं तर दुसऱ्या वर्षी फरक राहत नाही.

हिशेबवही

नाशिकचा निकाल लागेपर्यंत खासगी विद्यापीठाची जागा धरून ठेवायला तुम्ही पैसे भरलेत का? भरले असतील किंवा भरणार असाल तर यूजीसीचा २०१८ चा परतावा नियम लक्षात ठेवा. जाहीर केलेल्या अंतिम प्रवेश तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत (प्रक्रियेसाठी जास्तीत जास्त ५ हजार कापता येतात), शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलने आणि पोच घेऊन द्या, फोनवर सांगून नाही. वसतिगृहाची अनामत वेगळ्या पावतीवर घ्या. आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका तिथे जमा करू नका. पडताळणी करून लगेच परत देणं संस्थेवर बंधनकारक आहे. त्या अडकल्या तर नाशिकचा प्रवेशही अडकेल.